सुकलाल आबांची दाणापारख

सुकलाल आबा मक्याचे दाणे मुठीत घेतात, मूठ कानाशी नेतात आणि खुळखुळा वाजवावा तशी हलवतात. डोळे मिटलेले, मान जराशी तिरपी. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. दुकानदार रमणभाई तराजूवर हात ठेवून पंख्याकडे बघत उभे असतात. मग आबा डोळे उघडतात आणि निकाल देतात, "हा मका मुका शे. ओला शे."

वाळलेला मका खडखड बोलतो, ओला गप्प बसतो, असं त्यांचं म्हणणं. ओला मका घेणं म्हणजे मक्याच्या भावाने पाणी विकत घेणं. वर पिंपात ठेवला की त्याला बुरशी धरते, आणि बुरशी पोटात गेलेलं कबुतर त्या हंगामात कामाचं राहत नाही. रमणभाईंनी एकदा हात जोडले होते. "आबा, आ चण छे, सोनुं नथी." हा पाखरांचा दाणा आहे, सोनं नाही. आबा म्हणाले, "सोनं घेताना सोनार तरी घासून दाखवतो. तुम्ही काय दाखवता?"

आबा आमच्या समोर राहतात. सुरतेच्या बमरोली भागातल्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना एकाला एक चिकटलेली घरं आहेत. आमच्या घराच्या खालच्या खोलीत माझी पिठाची गिरणी, म्हणजे इकडच्या भाषेत घंटी. मिस्टर पांडेसऱ्यात मिलमध्ये, आणि मी घंटीवर. आम्ही मूळचे जालन्याकडचे. आबा खानदेशातले, शहाद्याकडचे. जन्म डाइंग मिलच्या रंगखात्यात गेला, आता निवृत्त आहेत. बायको वारल्याला काही वर्षं झाली. एकुलती एक मुलगी रंजना, ती तिकडेच शहाद्याजवळच्या खेड्यात दिली आहे. घरात आबा एकटे, आणि गच्चीवर कबुतरं.

ही कबुतरं शर्यतीची. होमर म्हणतात त्यांना. लांब नेऊन सोडायची आणि ती आपोआप घरी परत येतात. हिवाळ्यात इथलं कबुतरवाल्यांचं मंडळ सगळ्यांची पाखरं टेम्पोत घालून उत्तरेकडे नेतं आणि एकदम सोडतं. ज्याचं पाखरू आधी घरात शिरेल तो जिंकला. आबांनी आपल्या पाखरांना साड्यांच्या रंगांची नावं दिलीत. एक नेव्ही, एक राणी, एक रामा, एक मेंदी. पाखरं सगळी राखाडीच दिसतात. मी एकदा विचारलं, यात राणी कलर कुठला? आबा म्हणाले, "ताई, तुम्हाला शेड कळत नाही."

माझ्याशी ते मराठीत बोलतात. पण संशय आला की अहिराणी सुरू होते, त्यामुळे अहिराणीच जास्त ऐकू येते. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "यामा काहीतरी शे." यात काहीतरी आहे. कोथिंबिरीची जुडी ओली असली तर यामा काहीतरी शे. कोरडी असली तरी शे. डॉक्टरने गोळ्या कमी दिल्या, यामा काहीतरी शे. माझ्याकडे दळण आणतात तेव्हा पायलीभर ज्वारी संपेपर्यंत घंटीच्या तोंडाशी उभे राहतात, पिठाने भुवया पांढऱ्या होईपर्यंत. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ आपल्यात आणि आपलं पुढच्याच्यात जाऊ नये म्हणून. मला सुरुवातीला फार राग यायचा. मग एक दिवस पाहिलं, ते देवळात प्रसाद घेतानाही आधी वास घेतात. तेव्हापासून मनावर घेणं सोडलं.

दाण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्या संशयाला शास्त्राची जोड होती. पोत्याचं तोंड उघडलं की ते वरचा दाणा बघतच नाहीत. बाही सरकवून कोपरापर्यंत हात आत घालतात. "वर कोणीही चांगलंच ठेवतं," म्हणतात. आत गरम लागलं तर पोतं परत. मग दोन्ही तळहातांत दाणा चोळून फुंकर मारतात, किती धूळ उडते ते बघायला. मग एक दाणा दाताखाली. टचकन तुटला तर ठीक, चेपला तर रमणभाईंकडे अशी नजर टाकतात की मला मधे पडावं लागतं.

एवढ्यावर भागत नाही. घरी आणलेल्या हरभऱ्यातले, मुगातले थोडे दाणे ते ओल्या गोणपाटावर पसरून खिडकीत ठेवतात. कोंब आले तर दाणा जिवंत. नाही आले तर जुना, मेलेला. "मेलेलं खाऊन पाखरू उडेल कसं?" एका नवरात्रात त्या गोणपाटावर मूग छान उगवून आले, आणि गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी घट समजून खिडकीतूनच त्यावर हळदकुंकू वाहिलं. आबांनी ते बघितलं. संध्याकाळी मला विचारायला आले, "ताई, माझ्या मुगावर रंग कोणी टाकला?"

भावाचा त्यांचा हिशेबही वेगळा. बाजारात कबुतरांचा तयार मिसळलेला दाणा मिळतो, छान चकचकीत पिशवीत. रमणभाईंनी एकदा तो स्वस्तात देऊ केला. स्वस्त म्हटल्यावर आबांचे डोळे बारीक झाले. त्यांनी एक पिशवी घेतली, घरी न जाता माझ्या ओट्यावर चादर अंथरली आणि ती सगळी उपडी केली. दुपारभर एकेक दाणा वेगळा करत बसले. मक्याचा ढीग, वाटाण्याचा, करडईचा, गव्हाचा, बाजरीचा. दळण घेऊन आलेल्या बायकाही खाली बसून निवडू लागल्या, कारण निवडण्याचं काम समोर दिसलं की हात गप्प बसत नाहीत. शेवटी बाजरीचा ढीग सगळ्यांत मोठा झाला. आबा उठून उभे राहिले, कंबर धरली आणि म्हणाले, "दखा. भाव मक्याचा, माल बाजरीचा."

त्यांचं म्हणणं असं, की भाव पोत्यावर बघायचा नाही, ताटलीत बघायचा. पाखरं नको तो दाणा चोचीने उडवून टाकतात. स्वस्त दाण्यातला निम्मा खाली पडून उंदरांना जातो. महाग दाण्याची ताटली पुसून साफ होते. मग महाग कुठला आणि स्वस्त कुठला? हे बोलणं मला पटलं. मिस्टरांना मी ते भाजीच्या बाबतीत सांगून पाहिलं, त्यांना नाही पटलं.

आता तुम्ही म्हणाल आबा बरोबरच असायचे. तसं नाही. वाटाण्याचं सांगते.

हिरवे वाटाणे जरा जास्तच हिरवे दिसत होते. आबांचा जन्म रंगात गेलेला. त्यांनी घरून एक पांढरी चिंधी आणली, ओली केली, वाटाणे त्यात घासले. चिंधी हिरवी झाली. झालं. आबा ती चिंधी झेंड्यासारखी धरून दुकानात गेले. "हा कच्चा रंग शे. पाखरांना विष घालता?" गर्दी जमली. रमणभाई शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचेही कान लाल झाले. त्यांनी आबांना विचारलं, चिंधी कुठली? आबा म्हणाले, मिलमधून आणलेली, घरात गठ्ठा आहे. रमणभाईंनी त्या गठ्ठ्यातली दुसरी कोरी चिंधी मागवली आणि सगळ्यांसमोर पाण्याच्या ग्लासात बुडवली. वाटाणा नाही, काही नाही. पाणी हिरवं झालं. मिलमध्ये पूर्वी कधीतरी हिरव्या रंगात बुडालेलं आणि धुऊन पांढरं दिसणारं कापड होतं ते.

कोणीही असतं तर माफी मागितली असती. आबांनी ग्लास उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "म्हणजे मिलवाल्याने फसवलं."

असा हा माणूस. आणि गंमत अशी, की सगळ्यांवर संशय घेणाऱ्या या माणसावर मात्र कबुतरवाल्यांचा संशय होता.

उधन्याचा जयेश अधूनमधून आबांकडे यायचा. पस्तिशीचा, मशीनचे सुटे भाग विकणारा, कबुतरांचा फार नाद. पाखरं बघून झाली की तो माझ्या ओट्यावर टेकायचा आणि हळू आवाजात विचारायचा. "बेन, आबा काय करतात ते सांगा ना. शर्यत होते उत्तरेकडून. आम्ही सगळे सरावाला पाखरं उत्तरेलाच सोडतो, म्हणजे त्यांना वाट पाठ होते. आबा बस ड्रायव्हरच्या हातात करंडी देऊन शहाद्याला पाठवतात. ते पूर्वेला. का?"

मी म्हटलं, तिकडे त्यांची मुलगी आहे, ती सोडते.

"ते मला माहीत आहे. पण अजून ऐका. पाखरू सोडायच्या आधी आम्ही त्याला उपाशी ठेवतो. पोट हलकं पाहिजे. आबा मुलीला सांगतात, सोडताना मूठभर दाणा घाल. भरल्या पोटी पाखरू पळेल का? आणि परत आलं की आबा आधी घड्याळ बघत नाहीत. पाखराचा गळा चाचपतात. यात काहीतरी आहे."

आबांचंच वाक्य जयेशच्या तोंडी ऐकून मला हसू आलं. पण मग मीही बघू लागले. खरंच, करंडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आबा गच्चीत उभे असायचे. पाखरू उतरलं की दोन्ही हातांत धरायचे आणि गळ्याखाली दाण्याची जी पिशवी असते ती बोटांनी हळूहळू दाबून बघायचे, डोळे मिटून. कधी चेहरा खुलायचा. "दादर," असं पुटपुटायचे. दादर म्हणजे खानदेशातली रब्बीची ज्वारी. एकदा "मका, जाड," म्हणाले. मी समजून चालले की जयेश म्हणतो ते बरोबर आहे, शहाद्याच्या दाण्यात काहीतरी गुपित असावं.

रंजनाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि आबा दारात. सगळ्या गल्लीला ते संभाषण पाठ होतं.

"बरं शे ना, रंजी?"

"बरं शे, आबा."

"जावई?"

"बरा शे."

"पोर?"

"बरी शे. तुम्ही जेवलात का?"

फोन ठेवला की आबा माझ्याकडे बघून मान हलवायचे. "बरं म्हणायला काय लागतं, ताई? रमणभाईही माल बरा शे म्हणतो." पोटच्या मुलीच्या बोलण्यावरही विश्वास नाही म्हणजे कमाल झाली, असं मी मनात म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. तीन पाखरांची करंडी नेहमीसारखी गेली. दुसऱ्या दिवशी पाखरं आली. मी घंटीवर होते. थोड्या वेळाने आबा जिना उतरून आले ते सरळ माझ्यासमोर. तळहात उघडला. राणीची पिल्लं खुराड्यात होती. तिने येताच पिल्लांना भरवायला चोच उघडली आणि थोडं खाली सांडलं. ते आबांनी वेचून आणलं होतं. ओले, चुरगळलेले पांढरे तुकडे.

"ताई, हाई काय शे?"

धान्य ओळखणं हा माझाही धंदा. मी म्हटलं, "तांदळाची कणी. रेशनची दिसते."

"मीही तेच म्हटलं. तिन्ही पाखरांच्या गळ्यात हेच."

"असेल हाताशी. टाकली असेल."

आबांनी मूठ मिटली. मग म्हणाले, "मनी रंजी पाखरेसले कणी टाकाव नही." आपली रंजी पाखरांना कणी टाकणार नाही. "या गच्चीवर वाढली ती. घरी दादर होती तेव्हा दादर घातली, मका होता तेव्हा मका. कणी घातली म्हणजे तिना घरमा दाणा नही."

मी समजूत घालायला गेले. तिच्या सासरी दोन भावांचं एकत्र खटलं, शेतीवाडी, घरात दाणा नसेल कसा? फोन करून विचारा. आबा म्हणाले, "फोनवर ती बरंच म्हणेल." मी म्हटलं, आबा, वाटाण्याच्या वेळीही तुमची अशीच खात्री होती. ते माझ्यावर चिडले नाहीत, हेच मला विचित्र वाटलं. घरात गेले आणि ज्वारीची पिशवी घेऊन आले. पाखरांसाठी निवडून ठेवलेली, एकही दाणा फुटका नव्हता त्यात. "दळून ठेवा. मी कपडे भरतो," असं म्हणून निघून गेले. मी दळलं. त्या दिवशी घंटीच्या तोंडाशी कोणी उभं नव्हतं.

निघताना गच्चीची किल्ली मला दिली. दाणा कसा घालायचा ते दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला जिन्यातून परत आले. म्हणाले, "मोजून घाला. आणि ताई, तुमची सवय शे, दाणा दिसला की दळाल. जपा." मग शहाद्याची बस धरली.

आबा बरेच दिवस आले नाहीत. शर्यत होऊन गेली. मंडळाचा टेम्पो आबांच्या दाराशी थांबला, हॉर्न वाजवला आणि पुढे गेला. जयेश जिंकला. पेढे घेऊन आला तेव्हा आबांच्या बंद दाराकडे बघून म्हणाला, "पुढच्या वर्षासाठी काहीतरी मोठं चाललंय त्यांचं."

तिकडे काय झालं ते मला रंजनाकडून कळलं. होळीनंतर ती नवऱ्याला आणि मुलीला घेऊन माहेरी आली होती. दुपारी माझ्या ओट्यावर बसली आणि सगळं सांगितलं.

भावाभावांत वाद झाला होता. चुली वेगळ्या झाल्या, पण वाटणी अडली, आणि धान्याची कोठी थोरल्या दिराच्या खोलीत राहिली. त्यातच रंजनाचा नवरा मोटारसायकलवरून पडला, पायाला प्लास्टर. हिने लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायचं, रेशनचा तांदूळ शिजवायचा आणि संध्याकाळी बापाला सांगायचं, बरं शे. मी विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर आबांनी पाखरं विकून पैसे पाठवले असते, काकू. मग ते बोलले कोणाशी असते?"

आबा दारात उभे राहिले तेव्हा ती घाबरली. ते सरळ आत गेले, डब्यांची झाकणं उघडून पाहिली, परत लावली. पिठाची पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "भाकर टाक." जावयाजवळ बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थोरल्या दिराच्या ओट्यावर गेले. रंजनाला वाटलं आता भांडण होणार. आबांनी भांडणाचा विषयच काढला नाही. तब्येत विचारली, चहा घेतला. पारावरची चार माणसं येऊन बसली. मग म्हणाले, कोठीतली दादर दाखवा बरं जरा. थोरल्याने कौतुकाने वाटीभर आणून दिली. आबांनी ती हातात घोळवली. वास घेतला. एक दाणा दाताखाली धरला. तोंड वाकडं केलं आणि वाटी परत दिली.

"यामा काहीतरी शे," म्हणाले. "कुबट लागते. आता कळलं, धाकट्याला का देत नाहीस. बरोबर आहे तुझं. असला माल माणूस भावाला तरी कसा देईल."

थोरला ताडकन उठला. गावात त्याच्या दादरीला नाव होतं. "कुबट? माझी दादर?" आबा म्हणाले, "राग मानू नको. मी सुरतेत पाखरांसाठी घेतो, ती यापेक्षा बरी असते." चार माणसं खाली बघून हसू दाबत होती. थोरल्याने कोठी उघडली, पोती बाहेर काढली आणि धाकट्याच्या दारात नेऊन आपटली. "खा म्हणावं. भाकरी करा, गावाला वाटा आणि मग सांगा कुबट शे का." एक पोतं नेलं, मग दुसरं नेलं, रागाच्या भरात तिसरंही नेलं. आबा प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून नाक मुरडत होते.

सांगताना रंजना हसत होती आणि डोळेही पुसत होती. धान्य दारात आल्यावर बोलणं पुढे सरकलं. पारावरच्याच माणसांनी मधे पडून वाटणी लावून दिली. प्लास्टर निघेपर्यंत आबा तिथेच राहिले. नातीला शाळेत सोडायचे, आणि मास्तर शिकवतात ते बरोबर आहे का हे बघायला खिडकीशी उभे राहायचे.

"पण आबा नेमके तेव्हाच कसे आले, ते काही कळत नाही," रंजना म्हणाली. "कोणीतरी सांगितलं असेल."

मी घंटी चालू करायला उठले.

ती गावी गेल्यावर एकदा आबा करंडी घेऊन बाहेर पडत होते. आत राणी आणि तिची मोठी झालेली पिल्लं. मी विचारलं, "आबा, खरंच कुबट होती का हो दादर?"

"नाही हो," आबा म्हणाले. "इतका चांगला दाणा कित्येक वर्षांत पाहिला नाही. खोटं जिभेवर येईना, म्हणून आधी तोंड वाकडं केलं."

मी म्हटलं, आता सगळं ठीक झालं ना? मग तिला सांगून टाका, पाखरांवरून तुम्हाला सगळं कळतं ते. म्हणजे ती लपवणार नाही.

आबांनी करंडी खाली ठेवली. गल्लीत इकडे तिकडे बघितलं.

"ताई, तिले सांगू नका. तिला कळलं, तर ती शेजारून चांगला दाणा उसना आणेल, तो पाखरांना घालेल आणि स्वतः कणी खाईल. आईवर गेली शे ती. तिची आईही दुखण्यात कायम बरं शे, बरं शेच म्हणायची. मी ऐकत बसलो."

मग त्यांनी करंडी उचलली, पाखरांना ऊन लागू नये म्हणून खांद्यावरचा रुमाल तिच्यावर टाकला आणि बस गाठायला निघाले.